धड्याच्या शेपटाला बांधलेली कार्यक्षमता

माध्यमिक शाळेत ‘कार्य, ऊर्जा आणि शक्ती’ हा धडा कसा शिकवावा, यावर विज्ञान शिकवणाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे आणि तो फार वाईट तऱ्हेने घातला जातो. एक पक्ष म्हणतो, ‘कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा’ ही व्याख्या पाठ करून घ्या, चार सूत्रं फळ्यावर लिहा, वीस-पंचवीस गणितं सोडवून घ्या, मुलं आपोआप तयार होतात. दुसरा पक्ष म्हणतो, ही व्याख्याच सदोष आहे, गणितं म्हणजे घोकंपट्टी, आधी संकल्पना समजू द्या. मग तो ऊर्जेच्या रूपांची यादी काढतो: गतिज, स्थितिज, उष्णता, प्रकाश, ध्वनी. अलीकडे तिसरा पक्षही आला आहे. त्याला ‘रूपं’ हा शब्दच खटकतो. ऊर्जा एकच आहे, तिचे साठे वेगवेगळे आणि एका साठ्यातून दुसऱ्यात जायच्या वाटा वेगवेगळ्या, असं सांगा, असा त्याचा आग्रह. तिघांची भांडणं शेवटी शब्दांवर येऊन थांबतात, आणि मूल आहे तिथेच राहतं.

तिघांनी एक गोष्ट न तपासता धरून चालली आहे, ती म्हणजे ऊर्जा म्हणजे काय हे मुलाला आधी सांगितलंच पाहिजे. मला हेच पटत नाही. ऊर्जा ही आधी हिशेबाची बाब आहे. ती ‘काय आहे’ हा प्रश्न हिशेब जमू लागल्यावरच विचारण्याजोगा होतो. म्हणून धड्याच्या शेवटी, घंटा व्हायच्या बेतात असताना, एका सूत्रात उरकली जाणारी कार्यक्षमता सुरुवातीला आली पाहिजे, आणि तीही हाताने मोजून. त्याबरोबर दुसरा एक प्रश्न, जो आपल्या धड्यात सहसा विचारलाच जात नाही: हिशेब नेमका कशाचा चालला आहे, त्याची हद्द कुठे?

मराठीतून शिकणाऱ्या मुलाची अडचण तर आणखी एका पायरीने जास्त आहे. ‘कार्य’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर लग्नकार्य येतं. ‘शक्ती’ म्हणजे जोर, ताकद, बळ, प्रसंगी देवीसुद्धा. आणि पुस्तकात हाच शब्द दर सेकंदाच्या कार्याला दिलेला. अणुशक्ती म्हणताना आपल्याला अणुऊर्जा म्हणायचं असतं, अश्वशक्ती म्हणताना मात्र खरोखरच शक्ती. पण खरी गंमत पुढे आहे. ऊर्जेची व्याख्या काय? कार्य करण्याची क्षमता. आणि मिळालेल्या ऊर्जेतला किती वाटा कामी आला त्या गुणोत्तराचं नाव काय? कार्यक्षमता. शब्द तेच, फक्त समास केलेला. एक राशी ज्यूलमध्ये मोजायची, दुसरीला एककच नाही. व्याख्या पाठ करणाऱ्या हुशार मुलाने परीक्षेत ‘कार्यक्षमता : ५०० ज्यूल’ असं लिहिलं, तर चूक त्याची की आपली? शब्दांच्या जोरावर उभा केलेला धडा मराठीत या ठिकाणी हमखास कोसळतो. मोजमापावर उभा केला तर शब्द कोणतेही असोत, पन्नास न्यूटनचा भार एक मीटर वर गेला हे डोळ्यांना दिसतंच.

शब्दांवरून पदार्थविज्ञानात याआधीही असंच भांडण झालं आहे आणि ते थोडंथोडकं नव्हे, अर्धशतकाहून अधिक काळ चाललं. १६८६ साली लायब्निट्झ या जर्मन गणितज्ञाने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या अनुयायांवर हल्ला चढवला. चालत्या वस्तूतला ‘जोर’ कशाने मोजायचा, देकार्तवाद्यांच्या म्हणण्याप्रमाणे वस्तुमान गुणिले वेगाने, की लायब्निट्झच्या म्हणण्याप्रमाणे वस्तुमान गुणिले वेगाच्या वर्गाने? पुढे १७२२ मध्ये ग्राव्हेसांदे या डच शास्त्रज्ञाने पितळी गोळे मऊ मातीवर सोडून पाहिले. दुप्पट वेगाने आदळणारा गोळा चौपट खोल खड्डा करतो, हे त्याने दाखवलं; एमिली द्यु शातले यांनी १७४० च्या आपल्या ग्रंथात वर्गाची बाजू हिरिरीने मांडली. आणि १७४३ मध्ये दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने हा शब्दांचा वाद आहे असं म्हणून हात झटकले. आज हा सगळा वाद ब्रेकच्या एका उदाहरणात मावतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला सेकंदामागे ७ मीटर या दराने मंदावली, तर सुमारे १.६ सेकंदांत आणि ८.८ मीटरांत थांबते. ताशी ८० ने जाणारी, तेच ब्रेक, तोच रस्ता: ३.२ सेकंद आणि ३५ मीटर. वेळ विचाराल तर दुप्पट, अंतर विचाराल तर चौपट. दोन्ही पक्ष बरोबर होते. ते वेगवेगळे प्रश्न विचारत होते, एवढंच. ‘कोणती राशी खरी’ असं विचारल्याने पन्नास वर्षं गेली. ‘तुम्ही काय मोजताय’ एवढं विचारलं असतं तर? व्याख्येवरून भांडणारे आजचे शिक्षक मला त्याच जुन्या खोलीत बसलेले दिसतात.

त्याच शतकात दुसरी एक वाट चालू होती आणि तिच्यावर भांडणं कमी, आकडे जास्त होते. खालून वाहत्या पाण्याच्या धक्क्यावर फिरणाऱ्या पाणचक्कीला पाण्यातला जास्तीत जास्त ४/२७, म्हणजे सुमारे १५ टक्के वाटा घेता येतो, असं आंत्वान पारां याने १७०४ मध्ये गणिताने काढलं होतं. पुढची पन्नास वर्षं हा आकडा प्रमाण मानला गेला. मग जॉन स्मीटन या इंग्लिश अभियंत्याने लहान प्रतिकृती बांधली, मोजून पाणी सोडलं, चाकाच्या आसाला दोरी गुंडाळून वजन वर उचललं, आणि किती पाणी किती उंचीवरून खाली आलं व किती वजन किती वर गेलं याची कोष्टकं १७५९ साली रॉयल सोसायटीपुढे ठेवली. पारांचा आकडा खूपच कमी होता. शिवाय वरून पाणी पडणारी चक्की खालून धक्का खाणारीच्या जवळजवळ दुप्पट काम देते, हे पारांच्या सूत्राने न सांगितलेलं त्यातून निघालं. आता सालं पाहा. टॉमस यंगच्या व्याख्यानांतून ‘ऊर्जा’ हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ आला तो १८०७ मध्ये. ‘कार्य’ ही संज्ञा बल गुणिले अंतर या अर्थाने कोरिओलिसने पक्की केली १८२९ मध्ये. रँकिनने ‘स्थितिज ऊर्जा’ हे नाव दिलं १८५३ मध्ये. म्हणजे स्मीटनने कार्यक्षमता मोजली तेव्हा कार्याची व्याख्या व्हायला सत्तर वर्षं अवकाश होता!

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींतही हेच. बोल्टन आणि वॅट यांची कंपनी जुन्या वाफेच्या इंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा मोबदला म्हणून घ्यायची, तेव्हा मोजण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १८११ पासून तिथल्या इंजिनांची कामगिरी दरमहा छापून येऊ लागली: एका मापट्याभर कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर आलं. कोळशात किती ऊर्जा आहे हे त्या काळी कुणालाच सांगता आलं नसतं, तरी कोणतं इंजिन चांगलं हे खाणीतल्या फोरमनला कळत होतं. मग हाच क्रम चौदा वर्षांच्या मुलासाठी उलटा का?

यावर सर्वांत भक्कम आक्षेप तर्काचा आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. बल कळल्याशिवाय कार्य नाही, कार्याशिवाय ऊर्जा नाही, ऊर्जेशिवाय कार्यक्षमता नाही. इमारतीचा कळस आधी कसा बांधणार? शिवाय इतिहास ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मुलांना नेलं पाहिजे असा काही नियम नाही. इतिहास चुकत-माकत जातो, शाळेला तेवढा वेळ नसतो. दोन्ही मुद्दे मान्य. पण तर्काचा क्रम आणि शिकण्याचा क्रम एकच असतो हे कुणी ठरवलं? भूमितीत व्याख्या आधी येते, तरी मूल त्रिकोण त्यापूर्वी हजार वेळा पाहून आलेलं असतं. ऊर्जा त्याने कधीच पाहिलेली नसते. आणि सुरुवातीला लागतं तरी काय? वजन गुणिले उंची, बस. एवढं सहावीच्या मुलालाही झेपतं. बलाच्या दिशेतलं विस्थापन, कोसाइन, ऋण कार्य हे सगळं नंतर, गरज पडेल तेव्हा.

उतरणीचा प्रयोग घ्या. एक मीटर लांबीची फळी, तिचं एक टोक ३० सेंटीमीटर उंच. एक किलोचा लाकडी ठोकळा, म्हणजे वजन ९.८ न्यूटन. ताणकाट्याने फळीला समांतर, संथपणे ओढत वर न्यायचा. काटा समजा ५ न्यूटन दाखवतो. दिलेलं कार्य ५ गुणिले १ म्हणजे ५ ज्यूल. मिळालेलं ९.८ गुणिले ०.३ म्हणजे २.९४ ज्यूल. कार्यक्षमता ५९ टक्के. सरळ उचलला असता तर २.९४ मध्ये काम झालं असतं. मग उतरण वापरतोच कशाला? कारण ९.८ न्यूटनऐवजी ५ न्यूटनवर भागलं. उतरण बल वाचवते, कार्य वाचवत नाही, उलट वाढवते, हे वाक्य फळ्यावर लिहून पोहोचत नाही, ते या दोन आकड्यांतून पोहोचतं.

हा प्रयोग बिघडतो तोही शिकण्याजोग्या पद्धतीने. बरेच गट ठोकळा हलायच्या क्षणीचा आकडा टिपतात. स्थिर घर्षण चालत्या घर्षणाहून जास्त असल्याने तो नेहमी मोठा येतो. काही जण काटा उभा धरून शून्यावर आणतात आणि मग तिरपा वापरतात. काट्याच्या खालच्या हुकाचं स्वतःचं वजन आता पूर्ण लागत नाही, म्हणून काटा थोडं कमी दाखवतो. ताणकाट्याची दोरी फळीला समांतर न राहता वरच्या बाजूला बरीच उचलली गेली तर ओढ वाढते, पण त्यातला फळीच्या दिशेतला भागच कामाचा. आणि नेहमीची चूक म्हणजे उंचीच्या जागी फळीची लांबी. मग कार्यक्षमता १९६ टक्के येते, आणि वर्गात कुणालाही धक्का बसत नाही, याचंच जास्त वाईट वाटायला हवं.

आता त्याहून मोलाचा प्रयोग, हलत्या कप्पीचा. भार १० न्यूटन, कप्पीचं स्वतःचं वजन २ न्यूटन. हे १२ न्यूटन दोरीच्या दोन पदरांत वाटले जातात, म्हणून घर्षण नसतं तर ६ न्यूटन पुरले असते. प्रत्यक्षात ७ लागतात. भार १ मीटर वर जायला दोरी २ मीटर ओढावी लागते, म्हणजे १४ ज्यूल देऊन १० मिळाले: ७१ टक्के. तीच कप्पी, भार ५० न्यूटन: ओढ सुमारे २९ न्यूटन, दिले ५८ ज्यूल, मिळाले ५०, कार्यक्षमता ८६ टक्के. यंत्र तेच, दोरी तीच, मग कार्यक्षमता बदलली कशी? कारण कप्पीचं २ न्यूटन वजन दर वेळी उचलावंच लागतं. मोठ्या भारात तो खर्च वाटला जातो. पाणी तापवायची किटलीही याच नियमाने वागते. दोन हजार वॅटची किटली एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला तीन मिनिटं घेत असेल, तर ३६० किलोज्यूल देऊन ३१४ मिळाले, म्हणजे ८७ टक्के. अर्धा लिटरच भरलं तर हाच आकडा ८० च्या आसपास उतरतो, कारण किटलीचं अंग तापायला लागणारी उष्णता तेवढीच राहते. गणितांच्या पुस्तकात मात्र ‘एका यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के आहे’ असं वाक्य यंत्राच्या जन्मपत्रिकेसारखं येतं, जणू ती भारावर, वेगावर, तापमानावर अवलंबूनच नाही. गणितं सोडवून घेणाऱ्यांना माझा विरोध गणितांना नाही. गणितं हवीतच, सराव हवाच; सूत्र हाताला बसल्याशिवाय डोकं मोकळं होत नाही, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. तक्रार आहे ती गणितातला आकडा कुठून आला हे कधीच न विचारण्याची.

उतरणीवरचे उरलेले २.०६ ज्यूल कुठे गेले? ‘उष्णतेत रूपांतर झालं’ हे उत्तर मूल पोपटासारखं देतं. मग ठोकळा गरम का लागत नाही? हिशेब करू. लाकडाची विशिष्ट उष्णता एका किलोमागे, एका अंशामागे सुमारे १७०० ज्यूल. सगळेच्या सगळे २.०६ ज्यूल ठोकळ्यात गेले तरी तापमान वाढेल ते एका अंशाच्या हजाराव्या भागाहून किंचित जास्त. शाळेतला तापमापक अर्धा अंशही जेमतेम वाचतो. ऊर्जेची अक्षय्यता माणसाला इतकी उशिरा का सापडली, याचं उत्तर या आकड्यात आहे. ज्यूल या शास्त्रज्ञाला १८४० च्या दशकात भांड्यातलं पाणी पंख्यांनी घुसळून पुन्हा पुन्हा वजनं खाली सोडावी लागली, आणि तरीही तापमानातली वाढ अंशाच्या लहानशा भागातच मोजायची होती. पन्नास मीटर उंचीच्या धबधब्याखाली पाणी ०.१२ अंशाने जास्त गरम असायला हवं, एवढाच फरक! ‘ऊर्जा नष्ट होत नाही’ हे वाक्य पहिल्याच तासाला देऊन टाकलं की ते फुकट जातं. दोन ज्यूल हरवलेले हातात असताना ते दिलं तर मूल त्याला धरून बसतं.

इथून हद्दीच्या प्रश्नाकडे येतो, कारण धड्यातली सगळ्यात जास्त चिडवणारी उदाहरणं तिथेच अडकलेली आहेत. डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल किती कार्य करतो? पुस्तक म्हणतं, शून्य. घाम गाळणाऱ्या माणसाने काहीच केलं नाही, असं म्हणणारं शास्त्र मुलाला एक तर खोटं वाटतं किंवा निर्दय. वस्तुतः शून्य हे उत्तर एकाच हद्दीपुरतं खरं आहे: ओझ्यावर वरच्या दिशेने लावलेलं बल आणि ओझ्याचं आडवं विस्थापन. हद्द हमालाच्या शरीराभोवती आखा, आणि चित्र पालटतं. स्नायूतले तंतू ताण टिकवण्यासाठी सतत आकुंचन पावतात आणि सुटतात, दर वेळी रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि उष्णता बाहेर पडते. शिवाय पाऊलागणिक ओझं थोडं वर-खाली होतच असतं. वीस किलोचं ओझं चार सेंटीमीटर वर गेलं तरी जवळजवळ आठ ज्यूल झाले, आणि खाली येताना ते स्नायूंकडे पूर्ण परत येत नाहीत. म्हणजे ‘शून्य’ हे चूक नाही, अपुरं आहे. कशाचा हिशेब, हे न सांगता विचारलेला तो प्रश्नच अर्धवट होता.

संकल्पनावाद्यांनी आवर्जून तोंड द्यावं असं एक उदाहरण सांगतो. टेबलावरून ठोकळा एकसमान वेगाने ओढला. २ न्यूटनची ओढ, १ मीटर अंतर, हाताने केलेलं कार्य २ ज्यूल. घर्षणाचं कार्य उणे २ ज्यूल. बेरीज शून्य, वेग बदलला नाही, कार्य-ऊर्जा प्रमेय (एकूण कार्य म्हणजे गतिज ऊर्जेतला बदल) खूश. पण ठोकळा आणि टेबल दोन्ही तापले. ठोकळ्याला एकूण शून्य ज्यूल मिळाले असतील, तर तो तापला कशाने? याचं उत्तर असं की ते प्रमेय वस्तूच्या वस्तुमानमध्याच्या गतीचा हिशेब ठेवतं, तिच्या आतल्या ऊर्जेचा नव्हे. ठोकळा म्हणजे बिंदू नाही. त्याच्या तळावरचे सूक्ष्म उंचवटे टेबलाच्या उंचवट्यांत अडकतात, वाकतात, सुटून थरथरतात. संपर्काच्या जागेचं खरं सरकणं ठोकळ्याच्या एक मीटरएवढं नसतं. हात देतो ते २ ज्यूल. त्यातले काही ठोकळ्यातच राहतात, काही टेबलात जातात. हद्द ठोकळा आणि टेबल दोघांभोवती आखली की गुंता सुटतो: बाहेरून २ ज्यूल आत आले, आत २ ज्यूलने उष्ण झालं. तसंच जमिनीवरून उडी मारणाऱ्याचं. जमीन त्याला वर ढकलते, पण पाय टेकलेले असेपर्यंत ती जागा हलत नाही, म्हणून जमिनीने त्याला ज्यूलभरही ऊर्जा दिलेली नाही; सगळी त्याच्याच स्नायूंतून आली. बाण आणि डबे काढून हे समजत नाही. रेघ मारावी लागते, आणि रेघेच्या आत-बाहेर काय गेलं ते लिहावं लागतं, वहीखात्यासारखं.

हद्द बदलली की कार्यक्षमतेचा आकडाही बदलतो, आणि यात लबाडीलाही जागा आहे. विजेचा हीटर खोली तापवण्यात शंभर टक्के कार्यक्षम असतो. आत आलेली वीज खोलीतच उष्णता होऊन राहते. पण ती वीज कोळशावर चालणाऱ्या केंद्रातून आली असेल, आणि तिथे कोळशातल्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा वीज होत असेल, तर कोळशापासून खोलीपर्यंतची कार्यक्षमता ३३ टक्क्यांच्या आसपास. उष्णता पंप विजेच्या एका ज्यूलमागे खोलीत तीन-चार ज्यूल आणतो. तीनशे टक्के? अक्षय्यतेचं काय झालं? काहीच नाही: बाहेरच्या हवेतून घेतलेली उष्णता छेदात धरलेली नाही, कारण तिचे पैसे पडत नाहीत. छेदात काय धरायचं हे आपण ठरवतो. अंशातही तेच. जुना तारेचा दिवा आत आलेल्या विजेतला फार थोडा वाटा दृश्य प्रकाशात देतो, बाकी उष्णता; तोच दिवा अंडी उबवण्याच्या पेटीत लावला तर ती उष्णताच कामाची ठरते आणि प्रकाश वाया. ‘उपयुक्त’ हा शब्द निसर्गाचा नाही, माणसाचा आहे. सूत्र पाठ करणाऱ्याला ही गोष्ट कधीच कळत नाही, आणि जाहिरातीतल्या टक्क्यांपुढे तो निःशस्त्र उभा राहतो.

व्याख्या टाकून द्या म्हणणाऱ्यांचं बळ कुठे आहे तेही सांगायला हवं. समुद्राच्या पाण्यात प्रचंड ऊर्जा आहे, पण सगळीकडे तापमान एकच असेल तर ती वापरून जहाज चालवता येत नाही. म्हणजे ऊर्जा आहे आणि कार्याची क्षमता नाही. ‘कार्य करण्याची क्षमता’ ही व्याख्या इथे मोडते. अगदी खरं. मात्र यावरून व्याख्या हद्दपार करणं म्हणजे फुटपट्टीने पृथ्वीचा परीघ मोजता येत नाही म्हणून फुटपट्टी फेकण्यासारखं. यांत्रिक ऊर्जेपुरती ती व्याख्या चोख चालते. ती कुठवर चालते हे सांगून द्यावी. रूपं म्हणायचं की साठे, यात मला फारसा रस नाही. ‘साठे’ म्हटल्याने ध्वनी आणि वीज या गोष्टी वाटेवरच्या आहेत, साठलेल्या नाहीत, हे लक्षात येतं, एवढा फायदा आहे. पण आकड्यांशिवाय दोन्ही याद्या सारख्याच पोकळ.

शक्तीबद्दल थोडक्यात. वॅट आणि ज्यूल यांची गल्लत सूत्राने सुटत नाही, यंत्रावरची पाटी वाचल्याने सुटते. किटलीवर लिहिलेले २००० वॅट ही आत घेतलेली शक्ती असते. मोटरवर लिहिलेली एक अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॅट, ही आसावर बाहेर मिळणारी असते. पंपाने हजार लिटर पाणी १२ मीटर वर दहा मिनिटांत चढवलं, तर पाण्याला मिळाले ११८ किलोज्यूल. पाटीवरचा आकडा आत गेलेला समजून केलेल्या गणितात कार्यक्षमता २६ टक्के येते; मोटर प्रत्यक्षात ११०० वॅट ओढत असेल तर खरा आकडा १८. दोन्ही गणितं ‘बरोबर सोडवलेली’. आणि विजेच्या बिलातलं युनिट ही ऊर्जा आहे, शक्ती नाही: एक किलोवॅट तासभर, ३६ लाख ज्यूल. ‘ताशी किलोवॅट’ असा शब्दप्रयोग दिसला की समजावं, लिहिणाऱ्याच्या शाळेत हा धडा घंटेबरोबर संपला होता.

राहिला वेळेचा आक्षेप. मोठा वर्ग, चार ताणकाटे, सहा तास आणि डोक्यावर परीक्षा. हा आक्षेप खोटा नाही. सर्वांत जास्त वजन मी त्यालाच देतो. पण उतरणीच्या प्रयोगाला फळी, ठोकळा आणि एक काटा लागतो, आणि एक तास. गटांनी फळीची उंची वेगवेगळी ठेवली तर त्याच तासात कार्यक्षमता उंचीबरोबर कशी वाढते याचा आलेखही फळ्यावर तयार होतो. एवढाही जम नसेल तर चेंडू आहे. एक मीटरवरून सोडला, ६४ सेंटीमीटर उसळला. दुसऱ्या उसळीला मुलं ६४ मधून ३६ वजा करून २८ सांगतात. प्रत्यक्षात तो ४१ च्या आसपास जातो. वजाबाकी का नाही, गुणाकार का, या प्रश्नावर उरलेला तास सहज निघतो. सहा तासांतले दोन असे गेले तर सूत्रांचे उरलेले चार जड जात नाहीत, कारण सूत्रातल्या प्रत्येक अक्षरामागे आता एक वस्तू उभी असते.

परीक्षा बदलणार नाही तोवर वर्ग बदलणार नाही, हेही खरंच. म्हणून एक प्रश्न सुचवून ठेवतो. चाकांची छोटी गाडी गुळगुळीत फळीवरून ताणकाट्याने वर ओढली, आणि एका गटाची कार्यक्षमता १०४ टक्के आली. खालील पाच चुकांपैकी कोणत्या हा आकडा वर नेतात, कोणत्या खाली, कारणासह सांगा: काटा उभा धरून शून्यावर आणला, आकडा गाडी सुटण्याच्या क्षणी वाचला, दोरी फळीपासून वर उचललेली होती, गाडी एक मीटरच ओढली पण उंची १.२ मीटरच्या पूर्ण फळीची धरली, गाडीला सुरुवातीला हाताने ढकललं आणि ती मंदावत असताना काटा वाचला. पहिली, चौथी आणि पाचवी आकडा वर नेतात, दुसरी आणि तिसरी खाली. पाच गुण.